गुलाब आणि डांबर

कोरडा असतो तो टॉवेल, असं सर म्हणत. वाईन कोरडी कशी असेल? ओली वस्तू आहे ती. इंग्रजीत ड्राय म्हणतात म्हणून आपण मराठीत तिला वाळत घालायची का? त्यांचा शब्द होता ‘अगोड’. तो त्यांनी स्वतः पाडला होता आणि सिंगापूरच्या मराठी माणसांत तो रुजावा म्हणून पंधरा वर्षं खटपट केली होती. कुणाच्या घरी पाहुणचारात यजमान ‘ही जरा कोरडी आहे हं’ म्हणाले की हे हातातला ग्लास शांतपणे टेबलावर ठेवत आणि खिशातला रुमाल काढून त्यांच्यापुढे धरत. “ही कोरडी. ती अगोड.” यजमानीण हसे, यजमान हसत नसत. शब्द काही रुजला नाही. आता तो वापरणारा मी एकटाच असेन.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं होतो. जहाजातून येणाऱ्या मालाचा विमा उतरवणाऱ्या एका कंपनीत ते नुकसानीच्या दाव्यांचे प्रमुख होते. माल खराब झाला की तो कसा, कधी आणि कुणामुळे झाला हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. मी त्यांना ‘सर’ म्हणे. ते मला चांगल्या दिवशी ‘अरे’ म्हणत आणि चूक सापडली की ‘राजे’. “राजे, हा कंटेनर आपण स्वतः पाहिलात की स्वप्नात?” असं.

हे लिहायला कारण आहे. मी त्यांचं एक नुकसान केलं आणि तीन वर्षं ते लपवलं. बोलून मोकळं होणं मला कधी जमलेलं नाही. आमच्या घरात गप्प बसण्यालाच समजूतदारपणा म्हणत. पण आता सांगायचं ठरवलंय तर सगळं सांगणार आहे. आधी माणूस कसा आहे ते सांगतो, म्हणजे नुकसान केवढं होतं ते कळेल.

लोकांना वाटतं, वासाच्या जाणकाराचं नाक मोठं असावं. त्यांचं बसकं होतं. वास घेताना ते डावी नाकपुडी बोटानं बंद करत. “ही आळशी आहे. सहीपुरती येते.” दारू म्हणून ते काही पीत नसत. बिअर नाही, व्हिस्की नाही. पीत ती फक्त इटलीतली बरोलो, तीही रविवारी दुपारी, जेवताना, दोन ग्लास. बरोलो रंगानं फिकट असते. पाहणाऱ्याला वाटतं, ही काय करणार. घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. “बघ,” ते म्हणत, “दिसायला किरकोळ आणि बोलायला फौजदार. आमच्या मावशीसारखी.”

ही ओळख त्यांना धंद्यानंच करून दिली होती. चाळिशीत असताना इटालियन वाईनचा एक कंटेनर बंदरावर उन्हात पडून राहिला आणि दाव्याची पाहणी करायला हे गेले. मालकाच्या माणसानं त्यांना दोन ग्लास दिले, एक चांगल्या बाटलीतला आणि एक उन्हानं मेलेल्या बाटलीतला. तोवर त्यांनी वाईनला तोंड लावलं नव्हतं. चांगली प्यायल्यावर त्यांना लहानपणचं डाळिंबाच्या सालीचं पाणी आठवलं, जे आई पोट बिघडलं की पाजायची. “अरे, हे तर तुरट!” ते मराठीतच ओरडले म्हणे. पुढे ते मला सांगत, “इंग्रजीत याला ग्रिप म्हणतात. ग्रिप म्हणजे पकड. ही काय कुस्ती आहे? सहा रसांत तुरट आहे, आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. जांभूळ तुरट, सुपारी तुरट, कच्चं केळं तुरट. ज्याच्यापाशी शब्द आहे त्यानं घाबरायचं कशाला?”

त्यांचा एकच मुख्य नियम होता: तुरटाला चरबी, आंबटाला आंबट आणि तिखटाला ताक. यातलं ताक लोकांना विनोद वाटे. तो विनोद नव्हता. मिरचीच्या झणझणीत रश्श्याबरोबर बरोलो प्यायली तर आगीवर रॉकेल ओतल्यासारखं होतं, हे त्यांनी स्वतःच्या जिभेवर करून पाहिलं होतं. असे प्रयोग ते जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या मागे लिहून ठेवत. तळलेला बांगडा: कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवल्यासारखं, पुन्हा करू नये. पुरणपोळी: वाईनचा काढा झाला, पोळी बिचारी निर्दोष. भरली वांगी: दाण्याचं कूट मदतीला धावलं, पन्नास टक्के. मटणाचं सुकं, मिरची कमी, मिरी जास्त, भाजलेलं खोबरं: यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, नुसती रेघ ओढून खाली सही केली होती. मटणाची नळी ओढायची, आतला मगज जिभेवर असतानाच घोट घ्यायचा, आणि मग कुणी बोलायचं नाही. खरंच कुणी बोलत नसे.

त्या वाईनच्या मुलखात जमिनीतून एक उग्र वासाची महागडी अळंबी निघते आणि ती मऊ भातावर किसून घालतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्यावर त्यांनी तुपात हिंग फुलवून तो मऊ भातावर ओतला, साध्या अळंब्या परतून घातल्या आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाढला. वहिनी शाकाहारी, वाईनच्या बाटलीलाही हात न लावणाऱ्या.

“कसा झालाय?” यांनी विचारलं.

“आजारी माणसाला द्यायला चांगला आहे,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, इटलीत यासाठी रांगा लावतात.”

“लावत असतील. त्यांच्याकडे मेतकूट नसेल.”

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो तेव्हा मला लाज वाटली होती, हेही सांगून टाकतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, घामानं भिजलेली माणसं, आणि यांनी पिशवीतून वहिनींच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेले दोन काचेचे ग्लास काढले. बाटली बर्फाच्या पुडक्यांत, लस नेतात तशी. समोर डुकराच्या बरगड्यांचा मिरी-लसणाचा रस्सा, ज्याला तिथे बाक कुत ते म्हणतात. स्टॉलवरचा म्हातारा चिनी अंकल टेबल पुसता पुसता थांबला.

“वा, सो अ‍ॅटास वाईन, यू ईट विथ धिस? सियाओ आह?” म्हणजे इतकी उंची वाईन याच्याबरोबर, वेडबीड लागलंय का.

“नॉट सियाओ. फॅट, अंकल, फॅट. यू ट्राय.”

अंकलनं प्लास्टिकच्या पेल्यातून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “लाइक चायनीज मेडिसिन!”

“नो, नो. ईट फर्स्ट. देन ड्रिंक.”

अंकलनं आमच्याच वाटीतली चरबीची बरगडी उचलली, चघळली आणि पुन्हा घोट घेतला. थोडा वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नाऊ कॅन.” म्हणजे आता जमतंय.

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाले, “नाऊ कॅन. अरे, याच्यापेक्षा चांगली समीक्षा कुणी लिहिली आहे का?”

ऑफिसातल्या आम्हा चौघा-पाच जणांना ते एकदा पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेले. सगळे सायकली चालवायला आले होते. हे शिकवायला आले होते. बोटीतून उतरल्यावर त्यांनी एक साधी बाटली धक्क्यावरच्या बाकावर ऐन उन्हात ठेवली आणि म्हणाले, “चला, फिरून या.” तीन-चार तासांनी आम्ही घामाघूम परतलो तर बाटली हाताला चटका देत होती. ती त्यांनी उघडली आणि एकेकाच्या नाकाखाली धरली. “लक्षात ठेवा. मोरावळ्याचा वास. फळ मेलं आणि साखर जळली. अशी वाईन माणसाला मारत नाही, पण तिच्यात ऐकण्यासारखं काही उरत नाही.” मग गार पिशवीतली बरोलो काढली. “आणि ही जिवंत. काय येतंय?” कुणी चेरी म्हणालं, कुणी चामडं. मी म्हणालो, “सर, गुलाब. आणि रस्ता नवीन करतात तेव्हाचा वास.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “गुलाब आणि डांबर! अरे, पुस्तकात हेच आहे. तू पुस्तक वाचलंस?” मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून ते मला स्वतःचं दुसरं नाक म्हणायला लागले.

म्हणजे मोरावळ्याचा वास मला ओळखता येत होता. मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

साथीच्या दिवसांत त्यांना ताप आला आणि वास गेला. सगळा. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. ऑफिसच्या निरोपात मी दिलेल्या फुलांच्या गुच्छात नाक खुपसून ते कितीतरी वेळ उभे राहिले. लोकांना वाटलं, भारावले आहेत.

पण माणूस खचणारा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी दुसऱ्या दिवशी सुरू केला. चार बरण्या: लवंग, लिंबाची साल, वाळा, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, डोळ्यांवर पट्टी बांधून. वहिनी बरण्यांची जागा बदलत आणि हे सांगत, “पहिली लवंग.” “नाही हो, निलगिरी.” “उद्या.” असं जवळजवळ वर्षभर चाललं. आठव्या महिन्यात एके सकाळी त्यांचा फोन आला. “लवंग आली. एक सेकंद. पण आली.” त्यांचा आवाज इतका तरुण मी कधी ऐकला नव्हता.

याच सुमारास वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसांमागच्या गल्लीत लहानसं इटालियन रेस्टॉरंट चालवणाऱ्या एका बाईंशी त्यांचं जमलं. बाई इथल्याच, पेरानाकन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या चिनी-मलय वळणाच्या घरातल्या, पन्नाशीच्या. स्वयंपाक इटलीत शिकलेल्या. हे त्यांना मॅडम म्हणत, त्या यांना अंकल. यांनी आपलं मटणाचं सुकं डब्यातून नेऊन त्यांना बरोलोबरोबर खायला घातलं आणि बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं: महिन्यातून एका रविवारी दुपारी जेवण ठेवायचं, वाईन इटालियन, पदार्थ मराठी, सगळं अंकलच्या हातचं. पहिलं जेवण चाचणी म्हणून पंधरा माणसांचं. जमलं तर दर महिन्याला.

“निवृत्तीनंतर लोक देवळात जातात,” ते मला म्हणाले. “मी इथे येणार. मरेपर्यंत दर महिन्याला.” त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, हे मला माहीत होतं.

वास गेल्याचं त्यांनी बाईंना सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, “अर्धाअधिक आलाय. उरलेल्यासाठी तू आहेस ना.”

जेवणासाठी बारा बाटल्या आणल्या होत्या. त्याच वेळी त्यांच्या फ्लॅटमध्ये दुरुस्तीची फोडाफोड निघाली आणि पुण्याला भावाचं ऑपरेशन निघालं. महिनाभर ते आणि वहिनी तिकडे. बाटल्या त्यांनी माझ्याकडे जुरोंग ईस्टच्या काँडोत आणून ठेवल्या, मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत, आणि एसी लावून दिला. “हा बंद करायचा नाही. तू मेलास तरी नाही. घरच्यांना सांगून मर.”

तीन आठवडे मी ते पाळलं. मग शाळांना सुट्टी लागली आणि आम्ही आठ दिवस बालीला गेलो. गावाला जाताना आपल्याकडे काय काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. उरलेलं दूध शेजारी दिलं. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलं. गॅस बंद केला, नळ आवळले. मुलगी टॅक्सीतून हाका मारत होती, “बाबा, फास्ट लाह!” आणि मी दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी, माझे वडील करत तसं, त्यांचे वडीलही करत असतील तसं, मेन स्विच खाली ओढला.

त्या खोलीला पश्चिमेची भिंत आहे. दुपारी हात लावला तर तव्यासारखी लागते.

परत आलो तेव्हा दार उघडताच गरम हवा तोंडावर आली आणि मला कळलं. दोन बाटल्यांची बुचं वर सरकली होती. मानेवरून चिकट तांबडा ओघळ खाली येऊन सुकला होता.  मी एसी लावला, स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं आणि ते ओघळ पुसले. बुचं अंगठ्यानं आत दाबली. बायकोनं विचारलं, काय करतोयस, तर म्हणालो, धूळ.

दोन दिवसांनी ते आले. “एसी चालू होता ना रे?”

“हो सर.”

एवढंच. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाच्या शब्दावर दावा मंजूर केला नाही, त्यानं माझा मंजूर केला. त्या क्षणी सांगितलं असतं तर दुसऱ्या बाटल्या आणता आल्या असत्या, जेवण एक महिना पुढे ढकलता आलं असतं. मला भीती कशाची होती? त्यांच्या तोंडून ‘राजे’ ऐकण्याची. खोटं वाटेल, पण खरंच तेवढीच.

जेवणाच्या रविवारी सकाळी दहाला रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाई स्वयंपाकघरात. त्यांनी पहिली बाटली उघडली, ग्लासात ओतली, डावी नाकपुडी बंद केली आणि वास घेतला. पुन्हा घेतला. कपाळाला आठी पडली.

“अरे,” ते हळूच म्हणाले, “मला मोरावळा येतोय. शिजल्यासारखी वाटते. तू बघ.”

मी ग्लास घेतला. मनुका, जळकी साखर, मोरावळा. उबीनच्या धक्क्यावरचा तोच वास, शंका घ्यायला जागाच नव्हती. आणि मी म्हणालो, “नाही सर. छान आहे. गुलाब आणि डांबर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. संशयानं बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. पण त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. “मग माझंच नाक,” ते म्हणाले. “वाटलं होतं, येतंय परत. भास असणार.” त्यांनी बाकीच्या बाटल्या वास न घेताच उघडल्या.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. माणसं आली, सुकं वाढलं, नळ्या वाढल्या, वाईन ओतली. एक वयस्क इटालियन गृहस्थ होते. त्यांनी घोट घेतला, ग्लास बाजूला सारला आणि बाईंना खुणेनं बोलावलं. बाईंनी चाखली आणि सरळ यांच्याकडे आल्या.

“अंकल, धिस वन कुक्ड ऑलरेडी. ऑल कुक्ड. यू नेव्हर स्मेल, मेह?”

 हे उभे राहिले, हातातलं फडकं टेबलावर नीट घडी करून ठेवलं आणि पंधरा माणसांसमोर इंग्रजीत म्हणाले, “मला वास येत नाही. आजारात गेला. मी हे मॅडमपासून लपवलं. चूक माझी आहे.”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मी पाण्याचा जग भरत होतो. मी तो भरत राहिलो.

बाईंना राग वाईनचा नव्हता, लपवल्याचा होता. पुढची जेवणं रद्द झाली. घरी गेल्यावर सरांनी चारही बरण्या कचरा खाली टाकायच्या चुटमध्ये टाकल्या. वर्षभर ज्या एका सेकंदाच्या मागे ते लागले होते, तो सेकंद आलाच नव्हता, अशी त्यांची पक्की समजूत झाली. ती समजूत मी करून दिली होती. तेव्हा मला लोकांपुढचा अपमान तेवढा दिसत होता. खरं नुकसान बारा बाटल्यांचं नव्हतं आणि अपमानाचंही नव्हतं. त्यांचं नाक परत आलं होतं, बरोबर बोललं होतं, आणि मी त्याला खोटं पाडलं होतं.

तीन वर्षं मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जात राहिलो. लोक म्हणत, सरांवर किती जीव आहे. ते रविवारी जेवताना ताक पीत. प्रत्येक गोष्ट वहिनींना विचारत. आंबा पिकलाय का, भाजी आंबलीय का, गॅस बंद आहे का. वहिनी एकदा दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “पूर्वी माझ्या हातातला भात करपायच्या आधी ओरडायचे. तेव्हा चिडायचे मी. आता ओरडले तर साखर वाटेन.”

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. वहिनी खाली टपालपेटी बघायला गेल्या होत्या. आम्ही दोघं बोलत बसलो होतो. बोलता बोलता ते थांबले. मान किंचित वर झाली.

“दूध लागतंय का रे?” ते म्हणाले. आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच हात झटकून म्हणाले, “नाही. भास. चालू दे तुझं.”

दूध लागत होतं. मलाही वास तेव्हाच आला, त्यांच्या बोलण्यानंतर. आधी त्यांना आला होता.

मी म्हणालो, “सर, भास नाही. दूध लागतंय. आणि त्या रविवारीही भास नव्हता. वाईन शिजलेली होती. मी शिजवली होती.”

ते उठले. आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, पातेलं उतरवलं. परत येऊन समोर बसले तेव्हा ते सर नव्हते, दाव्यांचे प्रमुख होते.

“किती दिवस?”

“आठ.”

“एसी?”

“मेन स्विचच बंद केला होता. गावाला जाताना. सवयीनं.”

“भिंत?”

“पश्चिमेची.”

“बुचं वर आली होती?”

“दोन. गळलीही होती.”

“मला दिसलं नाही.”

“मी पुसलं होतं.”

“कशानं?”

“ओल्या फडक्यानं.”

 ‘राजे’ म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे मी मोरावळा म्हणालो तेव्हा तो मोरावळा होता.”

“होता, सर.”

“आणि तुला आला होता.”

“आला होता.”

“तुझा राग आलाय,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. “तो राहील. किती दिवस, ते मी आत्ता सांगू शकत नाही. पण त्याच्यात घालवायला मला वेळ नाही. वय बघ माझं.” त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोरच बाईंना लावला. “मॅडम, गिव्ह मी वन संडे. नो, नो, आय अ‍ॅम नॉट आस्किंग फेव्हर. माय नोज वॉज ओके. आय विल कम अँड एक्स्प्लेन.”

“एक्स्प्लेन मी करतो, सर,” मी म्हणालो.

“तू करच. पण जेवणाला यायचं नाहीस.”

वहिनी टपाल घेऊन वर आल्या. लागलेल्या दुधाचा वास, आमचे चेहरे. “काय झालं?”

“दूध लागलं,” ते म्हणाले. “मला आधी कळलं.”

दुसऱ्या दिवशी मी रेस्टॉरंटमध्ये गेलो आणि बाईंना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सुरी ठेवली नाही, कांदा चिरत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “थ्री इयर्स, आह. यू लेट दॅट ओल्ड मॅन से सॉरी.” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “ओके. गो.” मी निघालो.

जेवण गेल्या रविवारी झालं. संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. त्या पहिल्यांदाच तिथे गेल्या होत्या. हिंगाचा भात त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवला होता म्हणे. मटण संपलं, नळ्या पुरल्या नाहीत, पुढच्या महिन्याची तारीख ठरली. मी विचारलं, वाईन कशी होती? वहिनी म्हणाल्या, तिसऱ्या बाटलीचा वास घेऊन यांनी ती बाजूला ठेवली. बाईंनी चाखून पाहिली, म्हणाल्या, अंकल, व्हेरी गुड व्हॉट. आणखी एक-दोघांनी चाखली, त्यांनाही चांगलीच वाटली. हे म्हणाले नाही, आणि ओतूनच टाकली.

“खरंच खराब होती?” मी विचारलं.

“ते मला काय कळतंय?” वहिनी म्हणाल्या. “पण त्यांनी कुणाला विचारलं नाही.”